सर्व हक्क कोणाच्या स्वाधीन?

पुस्तकाचं पहिलं पान उलटलं की मागच्या बाजूला बारीक टायपात एक ओळ असते : सर्व हक्क स्वाधीन. आपल्यातला शंभरातला एकही जण ती वाचत नाही. आपण थेट मजकुरावर जातो. मजकूर पटला की टाइप करून घेतो, स्टेन्सिल कापतो, सभेत वाटतो. चळवळीत असंच चालत आलं. कुणी हटकलंच तर आपलं उत्तर ठरलेलं : विचार काय कुणाच्या बापाची इस्टेट आहे?

विचार कुणाची इस्टेट नाही, हे खरं. पण विचार ज्या शब्दांत मांडला ते शब्द कायद्याने इस्टेटच असतात. त्या इस्टेटीला मालक असतो, वारस असतो, ती विकली जाते, भाड्याने दिली जाते, तिच्यावर कोर्टात वर्षानुवर्षं दावे चालतात. ज्या माणसाच्या पुस्तकांवर आपण उभे आहोत त्या बाबासाहेबांची हजारो पानं लोकांपर्यंत यायला किती वर्षं लागली, कुणाकुणाच्या सह्या लागल्या, हा इतिहास आपल्या शिबिरांत कुणी सांगत नाही. जयंतीच्या भाषणात तर नाहीच. म्हणून मी लिहितोय. वकिलांसाठी नाही, अंक काढणाऱ्या पोरापोरींसाठी.

थोडं मागून सुरू करतो. कंपनी सरकारने १८४७ साली ग्रंथहक्काचा कायदा केला. लेखक जिवंत असेतोवर आणि पुढे सात वर्षं, किंवा छापल्यापासून बेचाळीस वर्षं, यातलं जे जास्त भरेल तेवढा काळ हक्क. मग १८६७ चा पंचविसावा आक्ट आला. छापखान्यांवर आणि पुस्तकांच्या नोंदणीवर. हा कायदा लेखकाच्या प्रेमापोटी आलेला नव्हता. बंड होऊन दहा वर्षं झाली होती आणि देशी छापखान्यांत काय शिजतंय यावर सरकारला डोळा ठेवायचा होता. प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या, आणि दर तीन महिन्यांनी सरकार यादी छापणार. त्या यादीत पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, प्रती किती, किंमत काय हे असायचंच, शिवाय हक्काचा मालक कोण आणि राहतो कुठं हेही असायचं. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘आक्टाप्रमाणे रजिस्टर करून हक्क कर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत’ अशा धर्तीची ओळ दिसते ती यातून आली.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या काळात शूद्रातिशूद्राला गावच्या विहिरीवर हक्क नव्हता, देवळाच्या पायरीवर हक्क नव्हता, त्या काळात त्या रजिस्टरात पुस्तकाचा मालक म्हणून नाव लावताना जात आड येत नव्हती. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली ती याच काळात. आता कुणी म्हणेल, मग अडलं कुठं? अडलं छापखान्याच्या दारात. ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधू’त छापून आले, पुढचे छापायला संपादक धजले नाहीत. आणि ‘दीनबंधू’ तर सत्यशोधकांचाच कागद! ग्रंथ म्हणून असूड जोतीरावांच्या हयातीत निघालाच नाही. म्हणजे हक्क लेखकाचा, पण यंत्र दुसऱ्याचं. १८८५ साली रानड्यांनी ग्रंथकार सभेला बोलावलं तेव्हा जोतीरावांनी नकार कळवला. जे लोक माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचं काय काम, असा त्या नकाराचा मतलब. साहित्य संमेलनाच्या मांडवाबाहेर राहणारे आपण पहिले नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष केलं. भाषण लिहून झालं, मुंबईत छापूनही झालं. मंडळाच्या लोकांनी ते आधी वाचलं आणि त्यांचे पाय लटपटले. वेदांबद्दलचं तेवढं काढा, हिंदू धर्म सोडण्याबद्दलचं तेवढं गाळा. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. हा किस्सा आपल्याला पाठ आहे. पण त्याची छपाईची बाजू आपण पाहत नाही. छापलेल्या प्रती बाबासाहेबांच्या ताब्यात होत्या, शब्दांवर हक्क त्यांचा होता. म्हणून त्यांनी ते भाषण स्वतःच पुस्तक म्हणून बाजारात आणलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. वर्षभरात गुजराती आणि तमिळ भाषांतर झालं, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमची कामं चालू झाली. हेच भाषण मंडळाने हक्क लिहून घेऊन लाहोरला छापलं असतं तर? कापलेला मजकूर मंडळाच्या अहवालात आला असता आणि मूळ प्रत कुठल्या तरी कपाटात गेली असती. माझं म्हणणं कुणाला ताणलेलं वाटेल. पण ज्यांनी संपादकाच्या कात्रीतून आलेली आपली कविता पाहिलीय त्यांना नाही वाटणार.

त्या वेळी १९१४ चा कायदा लागू होता. विलायतेतल्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क होता, पण भाषांतराचा हक्क वेगळा धरलेला होता. मूळ पुस्तक निघाल्यापासून दहा वर्षांत लेखकाने एखाद्या देशी भाषेत भाषांतर करून किंवा करवून घेतलं नाही तर त्या भाषेपुरता तो हक्क संपायचा. पुढच्या पुस्तकांची व्यवस्था बाबासाहेबांनी निरनिराळ्या ठिकाणी लावली. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी काढलं होतंच. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ १९४० साली, ‘हू वेअर द शूद्राज’ १९४६ साली, दोन्ही मुंबईच्या थॅकर आणि कंपनीकडून. ‘द अनटचेबल्स’ १९४८ साली दिल्लीच्या अमृत बुक कंपनीकडून. एक माणूस, चार गावचे छापणारे. तो माणूस गेल्यावर हे सगळं एका जागी कोण आणणार?

६ डिसेंबर १९५६. आपण त्या दिवसाचं दुःख जाणतो. त्या दिवसाने आणखी काय केलं ते सांगतो. २६ अलीपूर रोडच्या त्या घरात कागदांचे ढीग होते. हस्तलिखितं, टाइप केलेली प्रकरणं, अर्धवट सोडलेले मसुदे, पेन्सिलीच्या खुणा. ‘बुद्ध अँड हिज धम्म’ तयार होतं, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५७ साली काढलं. पण त्याला बाबासाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना मात्र त्या आवृत्तीत आली नाही. भगवान दासांनी ती १९८० साली जालंधरहून काढलेल्या पुस्तिकेत छापली. बाकीचे कागद कोर्टाच्या ताब्यात गेले, पुढे दिल्लीच्या प्रशासकाकडे. ट्रंकांना कुलपं. १९६७ च्या सुमारास अलीपूर रोडचं घर रिकामं करताना काही कागद बाहेर पडून पावसात भिजले, असं नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवलंय. वाचताना पोटात गोळा येतो.

इथं कायद्यातली एक बारीक गोष्ट समजून घ्या. कागद ज्याच्या ताब्यात तो हक्काचा मालक नसतो. तुमच्या आजोबांची वही शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडली म्हणून शेजाऱ्याला ती छापता येत नाही. आणि हक्क तुमच्याकडे असून वही शेजाऱ्याच्या कुलपात असली तर तुम्हालाही छापता येत नाही. बाबासाहेबांच्या अप्रकाशित लेखनाचं नेमकं हेच झालं. हक्क वारसांचा. ट्रंका सरकारी प्रशासकाच्या. वाचायला आसुसलेला समाज रस्त्यावर, आणि त्याच्या हातात काही नाही. नागपूरच्या एका वकिलाने शेवटी कोर्टात अर्ज केला : मला तरी छापू द्या, नाही तर कागद तुमच्या ताब्यात आहेत तर तुम्ही तरी छापा. किती साधी मागणी! तो दावा नागपुराहून दिल्लीला गेला आणि बराच काळ पडून राहिला. लेखक मेला असेल तर त्याचं अप्रकाशित लेखन छापायचं लायसन मागता येईल अशी तरतूद, कलम ३१-अ, कायद्यात आली ती १९८३ साली. तोवर अशा अर्जाला नुसत्या विनंतीचंच बळ होतं.

मधल्या वीस वर्षांत आपल्या लोकांनी वाट पाहिली नाही हेही सांगायला हवं. जालंधरहून भीम पत्रिका प्रकाशन स्वस्तातली पुस्तकं काढत होतं. भगवान दासांनी जमवलेल्या भाषणांचे भाग निघाले. ‘अ‍ॅनिहिलेशन’ तिथूनही निघालं. पातळ कागद, कधी उमटलेली तर कधी पुसट अक्षरं. आमच्या पिढीने बाबासाहेब इंग्रजीत वाचले ते बरेचसे अशाच पुस्तकांतून. प्रस्थापित प्रकाशकांपैकी कुणाला त्या वीस वर्षांत हे हक्क मागावेसे वाटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

महाराष्ट्र सरकारने १९७६ साली समिती नेमली. १९७८ मध्ये वसंत मून त्या कामावर आले आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड निघाला. पहिला खंड त्यामानाने सोपा होता, कारण त्यातलं लेखन पूर्वी छापलेलं होतं. ट्रंकांसाठी मात्र मूनसाहेबांना दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागल्या. वारस, प्रशासक आणि सरकार यांच्यात बोलणी होऊन ते कागद मुंबईला आले, तेव्हा कुठं ‘रिव्होल्युशन अँड काउंटर-रिव्होल्युशन’, ‘बुद्ध ऑर कार्ल मार्क्स’, ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आपल्याला पाहायला मिळालं. तिसरा आणि चौथा खंड, साल १९८७. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी. परवानगी मिळवणं हे कारकुनी काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मूनसाहेबांच्या त्या खंडांमधल्या प्रस्तावना वाचाव्यात. एका सहीसाठी माणूस किती चपला झिजवतो ते कळेल.

आणि छापून झाल्यावरही सुटका नाही. चौथ्या खंडातल्या राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून १९८७-८८ साली काय वणवा पेटला ते जुन्यांना आठवत असेल. परिशिष्ट काढा म्हणून एकीकडून मोर्चे, सरकारने माघार घेतली, मग आपला समाज लाखांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला, तेव्हा परिशिष्ट राहिलं. सोबत सरकारची टीप : या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही. म्हणजे १९३६ चं लाहोर पुन्हा मुंबईत! फरक एवढाच की लाहोरला छापलेल्या प्रती लेखकाच्या हातात होत्या, मुंबईत त्या सरकारच्या हातात होत्या.

आता वर्षांचा हिशेब. १९५७ चा आपला कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात मुदत होती मृत्यूनंतरची पन्नास वर्षं, मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. या हिशेबाने बाबासाहेबांच्या हयातीत छापलेलं सगळं ३१ डिसेंबर २००६ ला मोकळं व्हायचं होतं. ते झालं नाही. कारण रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले होते, त्यांच्या पुस्तकांची पन्नास वर्षं १९९१ अखेर भरत होती आणि हक्क विश्वभारतीकडे होते. विश्वभारतीच्या हातून ते जाऊ नयेत म्हणून दिल्लीत हालचाल झाली, घाईने वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ वर्षं झाली. टागोरांना दहा वर्षं मिळाली ती सगळ्यांनाच मिळाली. ‘अ‍ॅनिहिलेशन’, ‘शूद्राज’, ‘पाकिस्तान’ ही पुस्तकं १ जानेवारी २०१७ ला मोकळी झाली. बंगालच्या कवीसाठी केलेल्या दुरुस्तीने आपली दहा वर्षं गेली, आणि त्या वेळी आपल्यातल्या कुणी संघटनेने त्यावर पत्रक काढल्याचं मला आठवत नाही. नामांतराच्या लढाईत होतो आपण. कायद्याच्या पुस्तकाकडे पाहायला सवड कुणाला होती?

पण थांबा. मोकळं झालं ते फक्त हयातीत छापलेलं. कलम २४ काढून पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर जे पहिल्यांदा छापलं जातं त्याची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. ‘बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ चं, ते २०१७ अखेर मोकळं झालं. ‘रिडल्स’ १९८७ चं, त्यावर हक्क ३१ डिसेंबर २०४७ पर्यंत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ १९९० साली पुस्तिका म्हणून निघालं, त्यावर २०५० पर्यंत. ट्रंकेत जे जितकं जास्त कुजत पडलं ते तितकं उशिरा मोकळं होणार, असा हा उलटा न्याय आहे. म्हणून उद्या कुणी तुम्हाला सांगेल की २०१७ पासून बाबासाहेब सगळेच छापायला फुकट, तर मान डोलावू नका. कुठलं लेखन, कधी छापलं, ते विचारा. भाषांतराचंही तेच. मूळ इंग्रजी मोकळं असलं तरी एखाद्याने केलेलं मराठी भाषांतर त्या भाषांतरकाराचं असतं, त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. मोकळ्या पुस्तकाचं नवं भाषांतर करायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. जुनं उचलायचं तर विचारावं लागतं.

हक्क मोकळे झाले म्हणजे पुस्तक हातात पडतं असंही नाही. २०२१ साली वर्तमानपत्रात आलं : खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरवून सरकारने ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या ३३ हजार. कागद गोडाऊनमध्ये. मुंबई हायकोर्टाने डिसेंबरात ही बातमी स्वतःहून दाखल करून घेतली. लोक चैत्यभूमीवर सहा-सहा तास रांगेत उभं राहून पुस्तकं विकत घेतात आणि सरकारला गिऱ्हाईक नसल्यासारखा कागद पडून!

बाबासाहेबांचं झालं. आता तुमचं-माझं. माझ्या दोन कविता एका मोठ्या प्रकाशनाच्या संकलनात छापल्या गेल्या. पत्र नाही, प्रत नाही, मानधनाचं नाव नाही. एका मित्राने दुकानात चाळताना पाहिलं म्हणून कळलं. मी लिहिलं, तर उलट टपाली उत्तर आलं की आपला समावेश झाला हाच आपला सन्मान समजावा. दुसऱ्या कवितेतलं शेवटचं कडवं तर गायब होतं. आपल्या किती जणांच्या बाबतीत हे झालंय ते एकमेकांना विचारून पाहा.

तर कायदा काय म्हणतो? हक्क विकणं आणि वापरायला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर विकणं आणि घर भाड्याने देणं, तसं. ‘माझी हरकत नाही’ एवढं पोस्टकार्ड तुम्ही पाठवता ते भाड्याचं. पण प्रकाशकाच्या छापील फॉर्मवर ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही खाली सही केली, तर घर गेलं. कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीचं हवं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरतंच धरतात, आणि हक्क घेऊन एक वर्षभर वापरलाच नाही तर तो परत तुमचा, लेखात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणून त्या ‘वेगळं काही’कडे आधी पाहायचं. मराठीत छापायला दिलं तेव्हा इंग्रजी भाषांतर, पाठ्यपुस्तक, नाटक, सिनेमा, गाण्याची ध्वनिफीत हे सगळं दिलं असं होऊ देऊ नका. एकेक गोष्ट वेगळी लिहा.

आणि कलम ५७ तर प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. हक्क विकला तरी लेखनावर नाव तुमचंच, आणि मजकुराची मोडतोड करून तुमच्या अब्रूला बट्टा लावला तर दाद मागायचा अधिकारही तुमच्याकडेच राहतो, पुढे वारसांकडे. लाहोरचा तो स्वल्पविराम आता कायद्यात आहे. उलट बाजूही आहे : टीका करताना, परीक्षण लिहिताना दुसऱ्याच्या ओळी रास्त प्रमाणात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. कलम ५२. म्हणून कुणी दम दिला तर लगेच गारठू नका.

आपल्या लेखकांचेही हिशेब मांडून ठेवायला हवेत. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यांच्या हयातीतल्या पुस्तकांवरचे हक्क २०२९ अखेर संपतात. दया पवार १९९६ ला गेले, ते २०५६. नामदेव ढसाळ २०१४ ला, ते २०७४. तोवर वारसांना विचारल्याशिवाय छापायचं नाही. आपण छापलं तरी नाहीच. पाचशे प्रतींचा आपला अंक आहे, कोण विचारतंय, हे चालणार नाही. त्या घरांतल्या पोरांना एक पत्र आणि अंकाच्या दोन प्रती गेल्या तरी त्यांना बापाच्या शब्दांची किंमत कळते. गावोगावच्या शाहिरांच्या वह्या तर अजून पत्र्याच्या पेट्यांत आहेत. त्यांची नावं, गावं, वारसांचे पत्ते, कुठलं गाणं कधी छापलं किंवा कधी रेकॉर्ड झालं, एवढी नोंद प्रत्येक तालुक्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी केली तरी पुष्कळ काम होईल. ज्यांना जमेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावं, नोंदीचा कोरा तक्ता पाठवतो.

आणि या अंकापुरतं : शेवटच्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ एवढंच छापत आलो ते आता बदलावं असं मी संपादकांना कळवलंय. माझ्या मते तिथं असं हवं : लेखनाचे हक्क ज्याचे त्याच्याकडे. चळवळीच्या कामासाठी, विनामूल्य वाटायला, एक अक्षर न बदलता आणि लेखकाचं नाव घालून कुणीही छापावं, एक प्रत आम्हाला पाठवावी. विक्रीसाठी, भाषांतरासाठी, क्रमिक पुस्तकासाठी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी.